सात लिटरचं इंजिन, वीस क्रोनांचं पेट्रोल

मध्य स्वीडनमध्ये मेलारेन सरोवराच्या काठावर वेस्तेरोस नावाचं शहर आहे. एरवी ते विजेची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. जुलै उजाडला की मात्र त्याच्या रस्त्यांवर जुन्या अमेरिकन गाड्यांची रांग लागते. शेव्हरोले शेव्हेल, पॉन्टिॲक जीटीओ, प्लिमथ रोड रनर, डॉज चार्जर, फोर्ड मस्टँग. मधूनच पन्नासच्या दशकातली पंखवाली कॅडिलॅक. त्या दिवसांत तिथं रात्री दहालाही उजेड असतो आणि गाड्या चालतच राहतात, ताशी दहा-पंधरा किलोमीटरच्या वेगानं, एकामागून एक. रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे बसलेले असतात. गाड्या हजारोंनी येतात. 1978 साली इथं सुरू झालेला ‘पॉवर बिग मीट’ हा मेळावा अमेरिकन गाड्यांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या मेळाव्यांत गणला गेला. अमेरिकेच्या बाहेर, अटलांटिकच्या पलीकडे, जेमतेम एक कोटी लोकवस्तीच्या देशात.

आणि हा देश पेट्रोल स्वस्त असलेला नव्हे. स्वीडनमध्ये पेट्रोलवर ऊर्जा कर आहे, कार्बन कर आहे आणि त्या सगळ्यावर पुन्हा पंचवीस टक्के मूल्यवर्धित कर आहे. कार्बन कर त्यांनी 1991 सालीच लावला, जगातल्या बहुतेक देशांनी असा कर असतो हे ऐकलंही नव्हतं तेव्हा. 2022 मध्ये तिथं पेट्रोल लिटरला वीस क्रोनांच्या वर गेलं, म्हणजे आपल्या हिशेबात दीडशे रुपयांच्या वर. वर सांगितलेल्या गाड्यांपैकी मोठ्या इंजिनाची एखादी गाडी लिटरला चार-पाच किलोमीटर जाते. पायाखालचा ॲक्सिलरेटर जरा मनापासून दाबला तर तेवढीही नाही.

‘ॲव्हरेज किती देते?’ हा आपल्याकडे गाडीबद्दल विचारला जाणारा पहिला प्रश्न. तो विचारून मग या रांगेकडे पाहिलं तर हा सगळा प्रकार पैसेवाल्यांचा माज वाटेल. पण खुर्च्यांवर बसलेली माणसं आणि स्टिअरिंगमागची माणसं पाहिली की तो समज टिकत नाही. सुतार, ट्रक ड्रायव्हर, कागदगिरणीतले कामगार, नर्स, शाळेतले शिपाई: या छंदाचा कणा ही मंडळी आहेत. वर्षानुवर्षं या विषयाचा पाठलाग करताना माझं एक मत पक्कं होत गेलं आणि ते मांडण्यासाठीच हे पुस्तक लिहिलं. महाग पेट्रोल हा या छंदाच्या वाटेतला धोंडा नव्हता. महाग पेट्रोलनंच या छंदाला त्याचं रूप दिलं. पेट्रोल स्वस्त असतं तर स्वीडनमध्ये आज इतक्या ‘मसल कार’ शिल्लकच राहिल्या नसत्या.

हे विधान उलटं वाटेल, म्हणून थोडं मागे जायला हवं.

‘मसल कार’, म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत मोठं इंजिन, हा प्रकार अमेरिकेत 1964 साली आकाराला आला, असं बहुतेक जाणकार मानतात. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिॲक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून वाट काढली. टेम्पेस्ट ल मान्स या साध्यासुध्या गाडीवर त्यांनी ‘जीटीओ’ नावाचं जादा साहित्य देऊ केलं आणि त्या साहित्यात 389 घनइंचांचं, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचं, व्ही-8 इंजिन घातलं. नियम नव्या मॉडेलसाठी होता, जादा साहित्यासाठी नव्हता. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर खपल्या. मग प्रत्येक कंपनी या शर्यतीत उतरली. 1968 साली प्लिमथनं रोड रनर आणली. कार्टूनमधल्या त्या पक्ष्याचं नाव वापरण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सला पैसे मोजले आणि हॉर्नही त्या पक्ष्याच्या आवाजाचा बसवला. आत गालिचा नाही, चैनीचं काही नाही, पण इंजिन 383 घनइंचांचं आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आत. कारखान्यात नुकताच लागलेला बावीस वर्षांचा पोरगा हप्त्यानं घेऊ शकेल अशी ती गाडी होती.

इंजिनाचा आकार मराठी वाचकाच्या नीट ध्यानात यावा म्हणून एक हिशेब देतो. क्रायस्लरचं प्रसिद्ध ‘426 हेमी’ हे इंजिन सात लिटरचं, कंपनीच्या आकड्यानुसार 425 अश्वशक्तीचं. त्याला आठ सिलिंडर. एका सिलिंडरचं माप भरतं 870 सीसीच्या आसपास. आपल्या मारुती 800 चे तिन्ही सिलिंडर एकत्र धरले तरी 796 सीसी होतात. म्हणजे हेमीचा एकच सिलिंडर अख्ख्या मारुतीपेक्षा मोठा, आणि असे आठ.

या इंजिनांचा आवाज हाही या वेडाचा मोठा भाग आहे, आणि त्यामागे यंत्राचं साधं कारण आहे. अमेरिकन व्ही-8 च्या क्रँकचे चार खुंट एकमेकांशी काटकोनात असतात. त्यामुळे एकूण आठ स्फोट समान अंतरानं होत असले तरी डावीकडच्या किंवा उजवीकडच्या चार सिलिंडरांपुरतं पाहिलं तर त्यांचे स्फोट कधी लागोपाठ होतात, कधी मोठं अंतर ठेवून. दोन्ही बाजूंचे सायलेन्सर वेगळे असले की ही असमानता कानाला ऐकू येते. गाडी उभी असताना येणारी ती खोल, अडखळती गुरगुर म्हणजे हीच. त्यात कॅमशाफ्ट जोरकस असेल तर इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे राहतात, आयडलिंग डळमळतं आणि अख्खी गाडी जागच्या जागी हलू लागते. छातीवर हात ठेवून उभं राहिलं तर तो आवाज आत जाणवतो. ज्यानं हा अनुभव घेतला आहे त्याला मसल कारचं आकर्षण समजावून सांगावं लागत नाही.

या गाड्या जन्मल्या तेव्हा अमेरिकेत पेट्रोल गॅलनला 30 ते 36 सेंटांच्या आसपास होतं, म्हणजे लिटरला दहा सेंटसुद्धा नाही. इंजिन किती पितं हा प्रश्न कुणाला पडतच नव्हता. 1970 हे या प्रकाराच्या वैभवाचं शेवटचं वर्ष म्हणता येईल. शेव्हेल एसएस 454 चं एलएस-6 इंजिन त्या वर्षी 450 अश्वशक्तीचं होतं. त्याच वर्षी अमेरिकेत हवाशुद्धीचा कडक कायदा झाला, विमा कंपन्यांनी तरुण ड्रायव्हरांच्या हप्त्यांत जबर वाढ केली, पुढच्या वर्षीपासून इंजिनांची दाबक्षमता खाली आणली गेली, आणि ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखल्यावर जे उरलं होतं तेही संपलं. जेमतेम दहा वर्षांचा हा कालखंड. अमेरिकेतल्या बहुसंख्य मसल कारांचं पुढे जे झालं ते रोजच्या वापरातल्या कुठल्याही गाडीचं होतं: चालवल्या, ठोकल्या, गंजल्या, भंगारात गेल्या.

आता स्वीडन. दुसऱ्या महायुद्धात हा देश तटस्थ राहिला, त्यामुळे कारखाने शाबूत होते आणि युद्ध संपताच हाती पैसा खुळखुळू लागला. अमेरिकन गाडी तिथं परकी नव्हती. जनरल मोटर्सनं 1928 सालीच स्टॉकहोममध्ये गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. त्याच 1928 साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीलाही असाच कारखाना सुरू केला, हे इथं आवर्जून सांगितलं पाहिजे. पुढे 1947 पासून कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं डॉज आणि प्लिमथ जोडायला घेतल्या. म्हणजे एके काळी मुंबई आणि स्टॉकहोम या बाबतीत एकाच वाटेवर होती. वाटा फुटल्या त्या पेट्रोलच्या भावामुळे नव्हे. पन्नासच्या दशकात आपल्या आयात धोरणामुळे परदेशी कंपन्या इथून गेल्या आणि जीटीओ किंवा हेमीचा काळ आला तेव्हा आपलं दार बंद होतं. ‘आपल्याला कुठं परवडणार होतं’ असं जे सहज बोललं जातं ते अर्धंच खरं आहे.

स्वीडनमध्ये तेव्हा रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाड्या चालायच्या, आपल्यासारख्याच. तरी तिथल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडेच असे, अगदी स्वतः बनवलेल्या व्होल्वोंचंसुद्धा. म्हणून अमेरिकेतून आलेली गाडी जशीच्या तशी चालवता यायची. 3 सप्टेंबर 1967 रोजी पहाटे सगळ्या देशानं एकदम उजवी बाजू धरली तेव्हा अमेरिकन गाड्यांच्या मालकांना स्टिअरिंगची बाजू बदलावी लागली नाही.

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर तिथं कामगारवस्त्यांतल्या आणि खेड्यांतल्या तरुणांचा एक नवा वर्ग दिसू लागला. तेलानं चोपून बसवलेले केस, डेनिमचं जाकीट, आणि खाली आठ-दहा वर्षं जुनी ब्युइक किंवा शेव्हरोले. त्यांना ‘रागारे’ म्हणू लागले. शनिवारी रात्री स्टॉकहोमच्या स्वेआवेगेन या हमरस्त्यावर त्यांच्या गाड्या फेऱ्या मारायच्या. वर्तमानपत्रांतून ओरड झाली, पालक धास्तावले, 1959 साली ऑले हेलबूम या दिग्दर्शकानं त्यांच्यावर ‘रागारे!’ नावाचा चित्रपटच काढला. सभ्य समाजानं नाक मुरडावं अशी ही पोरं होती आणि कित्येक दशकं ती तशीच मानली गेली.

पण त्यांना एवढ्या मोठ्या गाड्या परवडायच्या कशा? इथंच या पुस्तकाचा गाभा आहे. नवी असताना ही गाडी डॉक्टर किंवा कारखानदार घ्यायचा. पाच-सात वर्षांनी ती विकायला निघाली की तिला गिऱ्हाईक मिळत नसे, कारण ती पेट्रोल पिते आणि स्वीडनमध्ये वाहनकर वजनावर असल्यानं करही जास्त. संसारी माणूस तिच्या वाटेला जाणार नाही. मग भाव असा पडायचा की लाकूड गिरणीतला पोरगाही ती घेऊ शकायचा. पेट्रोल महाग होतं म्हणूनच गाडी स्वस्त होती. राहता राहिलं पेट्रोल. त्याचा खर्च एकट्यानं करायचाच नसे. पुढच्या अखंड बाकावर तिघं, मागे तिघं-चौघं, आणि प्रत्येकानं आपली नाणी काढायची. आकार हा त्या गाडीचा दोष होता आणि तोच दोष सहा-सात जणांत वाटून घेतला की उपयोगाचा ठरत होता. या पोरांची टोळी बनली ती गाडीभोवती बनली, आणि गाडीत इतकी माणसं बसली ती पेट्रोल महाग म्हणून. रागारेंवर जे लिहिलं गेलं त्यात संगीत, कपडे आणि मारामाऱ्या भरपूर आहेत. हा आर्थिक धागा मात्र बहुतेकांनी दुर्लक्षिला आहे.

1973 च्या तेलसंकटानं हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडवली. स्वीडनमध्ये जानेवारी 1974 मध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं. त्याच सुमारास अमेरिकेतही मसल कारांचे भाव कोसळले. काही वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी झुंबड उडायची त्या गाड्या वापरलेल्या गाड्यांच्या आवारात धूळ खात पडल्या. स्वीडिश मंडळींनी त्या हेरल्या. पुढच्या दशकांत डॉलर उतरला की बोटींवरून अमेरिकन गाड्या गोथेनबर्ग बंदरात उतरत राहिल्या. जाणकार खरेदीदार कॅलिफोर्निया, ॲरिझोना अशा कोरड्या राज्यांतलीच गाडी बघायचा, कारण तिथं पत्रा गंजत नाही. रंग उन्हानं उडालेला चालेल, सीट फाटलेलं चालेल, पण खालची चॅसी आणि फ्लोअर धड हवी. आजही तिथं गाडी दाखवताना मालक सगळ्यात आधी सांगतो ते इंजिनाबद्दल नसतं, गाडी कुठल्या राज्यातून आली ते असतं.

आता परवडण्याचा हिशेब. आपण ॲव्हरेज विचारतो, पण वर्षाचा खर्च ॲव्हरेजवर ठरत नाही. गाडी किती चालते यावर ठरतो. समजा एक माणूस रोज कामावर साधी, नवी गाडी नेतो. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर, लिटरला पंधरा किलोमीटर: हजार लिटर पेट्रोल, वीस क्रोनांनी वीस हजार क्रोना. त्याच माणसाची शेव्हेल उन्हाळ्यात पंधराशे किलोमीटर चालते. लिटरला पाच किलोमीटर धरले तर तीनशे लिटर, सहा हजार क्रोना. जी गाडी तिप्पट पिते तिचं वर्षाचं पेट्रोल एक तृतीयांशाहून कमी. शिवाय तीस वर्षांवरच्या गाडीला स्वीडनमध्ये वाहनकर माफ आहे, पन्नास वर्षांवरच्या गाडीला सक्तीच्या तपासणीतून सूट आहे, आणि जुन्या गाड्यांच्या संघटनांनी मिळून कमी हप्त्याचा विमा मिळवला आहे, कारण अशी गाडी थोडी चालते आणि तिचा मालक तिला जपतो. याउलट 2018 च्या मध्यापासून नव्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाडीवर पहिली तीन वर्षं जबर कर बसला. त्यामुळे आज तिथं नवी मस्टँग जीटी बाळगणं ही श्रीमंताची गोष्ट आहे आणि 1970 ची मस्टँग बाळगणं कामगाराची.

पंधराशे किलोमीटर एवढीच मर्यादा का, याला भावाइतकंच हवामानही कारण आहे. हिवाळ्यात तिथं रस्त्यांवर मीठ पसरतात आणि मीठ हा पत्र्याचा काळ. ऑक्टोबरमध्ये गाडी धान्याच्या कोठारात किंवा गॅरेजमध्ये जाते, बॅटरी निघते, टाकी काठोकाठ भरली जाते म्हणजे आत दमट हवा राहून गंज धरणार नाही. सहा महिने ती तिथंच. एप्रिल संपता संपता, पोळ्याला बैल धुऊन-सजवून बाहेर काढावा तशी ती बाहेर निघते.

अशाच एका गॅरेजमध्ये, कागदगिरणीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांबरोबर, मी एक सकाळ घालवली. त्यांची गाडी 383 घनइंचांची रोड रनर. त्यांनी आधी पेट्रोलची नळी हातानं चाचपून पाहिली. ऑगस्ट 2021 पासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं; ते जुन्या रबराला मऊ करतं आणि नळी आतून सुटू लागते. म्हणून ही मंडळी 98 ऑक्टेनचं, कमी इथेनॉलचं आणि अर्थातच जास्त भावाचं पेट्रोल भरतात. मग एअर क्लीनरचं झाकण काढून त्यांनी मला कार्बुरेटर दाखवला. चार तोंडांचा. पुढची दोन तोंडं लहान, मागची दोन मोठी. पाय हलका ठेवला तर इंजिन पुढच्या दोनांवरच चालतं. पॅडल खाली गेलं की मागची दोन उघडतात आणि पेट्रोलचा ओघ सुरू होतो. त्यांनी डॅशबोर्डखाली एक व्हॅक्यूमचं मीटर बसवलं होतं. काटा वर असला म्हणजे इंजिन आरामात, काटा पडला की खर्च. गाडी बाहेर काढल्यावर पाच-सहा मैल ते बोलत होते ते रस्त्याकडे आणि त्या काट्याकडे आळीपाळीनं बघत. काटा कुठंही पडला नाही. गावाबाहेर सरळ, मोकळा रस्ता लागला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि पाय खाली दाबला. मागची दोन तोंडं उघडल्याचा घोगरा आवाज आधी आला, पाठ सीटला चिकटली ती नंतर. हे चाललं जेमतेम काही सेकंद. त्यांनी पाय उचलला, काटा पुन्हा वर गेला आणि बोलणं जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

पेट्रोल फुकटात मिळत असतं तर तो पाय असा शिकला असता, असं मला वाटत नाही. या लोकांनी खर्च कमी करण्यासाठी केलेल्या खटपटी पाहिल्या तर त्यात उत्तम मेकॅनिकी आहे. कुणी मागचं क्राऊन-पिनियन बदलून 4.10 चं 3.23 करतं, म्हणजे तेवढ्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. पिकअप थोडा जातो, पेट्रोल वाचतं. कुणी चार गिअरच्या जागी पाच गिअरचा, ओव्हरड्राइव्ह असलेला बॉक्स बसवतं. प्लगचा रंग बघून कार्बुरेटरचे जेट बदलणं तर शाळकरी पोरांनाही येतं. अमेरिकेत जे काम पैसे टाकून दुकानातून करून घेतात ते इथं घरोघरी हातानं केलं जातं, आणि त्यातून जो कारागीर तयार होतो तो कुठल्याही देशातल्या कारागिराच्या तोडीचा असतो. उप्साला परिसरातल्या तिएर्पला 2011 पासून ड्रॅग शर्यतींसाठी खास बांधलेला ट्रॅक आहे. एवढ्या छोट्या देशाचे स्पर्धक या खेळात युरोपात आघाडीवर असतात याचं रहस्य मला त्या गॅरेजांत दिसतं.

एक वळण मात्र अनपेक्षित आहे आणि त्यावर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. 2006 पासून स्वीडननं कायद्यानं मोठ्या पंपांना जैवइंधन ठेवायला लावलं. बहुतेकांनी त्यासाठी ई-85 निवडलं, म्हणजे पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास इथेनॉल. पर्यावरणासाठी आणलेलं हे इंधन शक्तीच्या मागे लागलेल्यांना वरदान ठरलं: ऑक्टेन जास्त, त्यामुळे दाब आणि टर्बो वाढवता येतो, आणि भाव कमी. इंधन तिसऱ्या हिश्श्यानं जास्त लागतं, नळ्या आणि जेट सगळं बदलावं लागतं. पण आज तिथल्या अनेक सर्वांत ताकदवान व्ही-8 गाड्या इथेनॉलवर चालतात.

नॉर्वे आणि फिनलंडचा उल्लेख मी ओझरता केला आहे. नॉर्वे स्वतः तेल विकतो आणि घरच्या पंपावर भरमसाट कर लावतो, तरी तिथंही अमेरिकन गाड्यांचे क्लब गावोगाव आहेत. हेलसिंकीत उन्हाळ्यातल्या महिन्यांच्या पहिल्या शुक्रवारी हीच रांग निघते. कारणं थोडीफार तीच आहेत, पुनरुक्ती टाळली.

या छंदावर जे आक्षेप घेतले जातात ते टाळून पुढे जाणं मला मान्य नाही. पहिला धुराचा. या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाहीत, किलोमीटरमागे त्या आजच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त घाण सोडतात, हे निर्विवाद आहे. वर्षाला पंधराशे किलोमीटर हे त्याला उत्तर आहे, आणि माझ्या मते पुरेसं आहे. पण जो माणूस अशी गाडी रोज कामावर नेईल त्याची बाजू मी घेणार नाही. दुसरा आक्षेप गोंगाटाचा आणि कचऱ्याचा. मेळाव्यांत चकचकीत गाड्यांच्या बरोबरीनं मुद्दाम गंजलेल्या, छतावर पोरं बसलेल्या, बिअरच्या डब्यांनी भरलेल्या गाड्याही येतात. वेस्तेरोसच्या रहिवाशांनी तक्रारी केल्या त्या योग्यच होत्या. 2018 साली मूळ ‘पॉवर बिग मीट’ लिडशॉपिंगला गेला आणि वेस्तेरोसनं आपला नवा ‘समर मीट’ उभा केला.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. रागारेंच्या गाड्यांवर अमेरिकन यादवीतल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा अनेक वर्षं सर्रास फडकत आला. ते सांगतात, हा फक्त बंडखोरीचा झेंडा आहे. पण तो गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या फौजेचा झेंडा आहे, आणि ज्या देशातून गाडी आणली त्या देशातल्या काळ्या माणसाला तो पाहून काय वाटतं हे माहीत नसणं ही सबब होऊ शकत नाही. अनेक क्लबांतली तरुण मंडळी आता तो उतरवू लागली आहेत. उशीर झाला, पण चांगलं झालं. या पुस्तकातल्या छायाचित्रांत तो झेंडा मी कुठेही ठेवलेला नाही.

हे सारं आत्ताच लिहून ठेवण्याची निकड होती. डिसेंबर 2023 मध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून व्ही-8 इंजिनाची शेवटची डॉज चॅलेंजर बाहेर पडली. त्याच महिन्यात शेव्हरोले कमॅरोही बंद झाली. डॉजनं चार्जर हे नाव आधी विजेच्या गाडीला दिलं. मोठ्या इंजिनाच्या गाड्या यापुढे आणखी कमी होत जातील, इंधन महागच राहील, आणि ज्या आहेत त्या टिकवण्याचं काम पडेल ते महाग इंधनात गाडी जपायची सवय असलेल्यांवर. ते कसं करतात याची बारीकसारीक नोंद मराठीत व्हावी असं मला वाटलं, कारण आपल्याकडेही गॅरेजांत हात चालणारी माणसं आहेत आणि पेट्रोल महाग असणं म्हणजे काय हे परभणीच्या पंपावर उभ्या राहिलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पुण्या-मुंबईत जुन्या डॉज, प्लिमथ, इम्पाला सांभाळणारे मोजके लोक आहेत. गंज, रबर, इथेनॉल आणि कार्बुरेटर यांवरची प्रकरणं त्यांना थेट उपयोगी पडतील. आपल्याही पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या नळ्या आणि डायफ्रॅम यांच्याकडे त्यांनी आधी लक्ष द्यावं.

गोथेनबर्ग आणि स्टॉकहोममध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी इंजिनिअरांची संख्या आता लहान नाही. त्यांनी पुस्तकावर समाधान मानू नये. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वेस्तेरोसला जावं, सकाळी लवकर जावं, गाडीला हात लावण्याआधी विचारावं आणि मालकाला बॉनेट उघडायची विनंती करावी. या लोकांना त्याहून आनंदाचं काही नसतं. स्टॉकहोमहून आगगाडीनं तासाभराचा प्रवास आहे.